वालाची सालं आणि बिघडलेले मिक्सर

कुणाचं डोकं जरा फिरल्यासारखं वाटलं की मुंबईत सर्रास म्हणतात, ‘याला ठाण्याला पाठवा.’ त्यामागे १९०१ पासूनचं इथलं मनोरुग्णालय आहे. याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली आणि मनाच्या दुखण्यासाठी कुणाकडे जाणं ही लपवायची गोष्ट नाही, हे इथल्या दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडत गेलं. माझ्यासारखीला त्याचा आयता फायदा मिळाला. खोपटला एसटी आगारापासून चार पावलांवर माझी खोली आहे. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. गोळ्या देणं मानसोपचारतज्ज्ञांचं काम, मनातलं बोलतं करणं समुपदेशकांचं. माझ्याकडे माणूस येतो तो त्याचे हात आणि त्याचा दिवस घेऊन.

हे शास्त्र आपल्याकडे आलं त्याची गोष्ट मराठी घरात घडलेली आहे. एलिझाबेथ लंडी ही अमेरिकन मुलगी विष्णू निंबकरांशी लग्न करून भारतात आली आणि कमला निंबकर झाली. या बाईंनी १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय उभं केलं. फलटणचे शेतीतज्ज्ञ बनबिहारी निंबकर त्यांचे चिरंजीव आणि लेखिका जाई निंबकर त्यांच्या सूनबाई, म्हणजे वाचकांना ओळख पटेल. आमच्या विद्येचं मूळ म्हणणं साधं होतं: आजारी माणसाला नुसतं झोपवून ठेवू नका, त्याच्या हाताला त्याच्या जगण्यातलंच एखादं काम द्या, मात्र ते त्याला झेपेल इतकं कापून द्या. माग, टोपल्या, लाकूडकाम ही साधनं तेव्हाची. घरी बसून उपचार घेणाऱ्याच्या बाबतीत साधनं म्हणजे त्याच्या घरातल्याच वस्तू.

दिवाळीच्या आधी मला एक प्रश्न हमखास येतो: ‘मॅडम, घरात काय आणून ठेवलं की प्रसन्न वाटेल?’ सुगंधी मेणबत्त्या, मिठाचे दिवे, हसणारा बुद्ध, भिंतीवरचं सुविचारांचं पोस्टर, सगळ्यांबद्दल विचारून झालेलं असतं. यातलं काहीही आणायला माझी हरकत नाही. पण नुसती ठेवलेली वस्तू आठवड्याभरात दिसेनाशी होते, नजर तिच्यावरून घसरायला लागते. मनावर टिकाऊ परिणाम करते ती अशी वस्तू, जी रोज हातात घ्यावी लागते आणि जिच्याशी काहीतरी करून संपवावं लागतं.

हे माझ्या पदरचं नाही. उदास माणूस सांगतो, ‘बरं वाटलं की करीन.’ पीटर लेविन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात हा क्रम उलटा करून पाहिला. उदासीमुळे माणूस कामं सोडतो, कामं सुटली की त्यातून मिळणारा छोटा छोटा आनंद आटतो, आणि त्यामुळे उदासी आणखी गडद होते. तेव्हा बरं वाटायची वाट न पाहता आधी काहीतरी करायचं, मन मागून येतं. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने हेच प्राथमिक आरोग्य केंद्रांत करून पाहिलं. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले ४९५ रुग्ण त्यात होते आणि त्यांच्याशी बोलणारे कुणी पदवीधारी मानसतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्यांतले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले होते, तर नुसत्या डॉक्टरी देखरेखीतले ३९ टक्के. हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली छापून आला. मला त्यातलं मोल आकड्यांपेक्षा या गोष्टीचं वाटतं की लोकांना सुचवलेली कामं त्यांच्या रोजच्या आयुष्यातलीच होती.

माझ्याकडच्या एक आजी घ्या (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत). खोपटची जुनी चाळ पाडून टॉवर झाला आणि आजी तळमजल्यावरून चौदाव्यावर गेल्या. घर मोठं, लिफ्ट, संडास घरात, तक्रारीला जागा नाही. तरी वर्षभरात त्या बोलायच्या बंद झाल्या, पहाटे तीनला जाग, जेवणावरची वासना गेलेली. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या सुरू होत्या, झोप सुधारली होती, पण दिवसभर पलंगाच्या कडेला बसून राहायच्या. ‘काय आवडायचं तुम्हाला?’ या प्रश्नाला नैराश्यातला माणूस ‘काही नाही’ असंच उत्तर देतो, म्हणून मी तो विचारत नाही. मी विचारलं, ‘चाळीत दुपारी दोन वाजता तुम्ही कुठे असायच्या?’ उत्तर आलं, ‘गॅलरीत. वाल सोलत.’

आता वाल सोलणं म्हणजे काय ते नीट पाहा. कडवे वाल आदल्या दिवशी भिजत घालायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे. मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे म्हणजे साल सुटी होते. दाणा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून एका टोकाला दाबला की पांढरी गुळगुळीत डाळिंबी मोडासकट सुळकन बाहेर येते आणि साल बोटांत राहते. जास्त दाबलं तर डाळिंबी फुटते, कमी दाबलं तर निघत नाही. एका दाण्याला दोन-तीन सेकंद. डावीकडे सालांचा ढीग वाढतो, उजवीकडे पातेलं भरतं. उपचार म्हणून याच्याहून चांगलं काम मला सहजी सुचणार नाही. प्रत्येक दाणा सुरू होतो आणि संपतो. लक्ष लागतं, पण डोकं चालवावं लागत नाही, त्यामुळे तेच तेच काळजीचे विचार घोळवायला जागा उरत नाही. केलेलं डोळ्यांना दिसतं. कोमट पाणी बोटांना बरं वाटतं. आणि रात्री घरातला कुणीतरी बिरडं खाऊन ‘अजून वाढ’ म्हणतो.

अडचण निघाली ती सूनबाईंच्या प्रेमळपणातून. सोललेले वाल पिशवीत तयार मिळतात, सासूबाईंना कशाला त्रास? मी पहिल्या आठवड्यात फक्त एक वाटी वाल मागितले. बाकीचे हवे तर तयार आणा. आजींनी निम्मी वाटी सोलली आणि उठल्या. चालेल. आमच्याकडे कामाला असं कापत, वाढवत नेतात: वाटी, मग पसाभर, मग शेजारच्या फ्लॅटमधल्या काकूंना बोलावून दोघींनी मिळून. बोलणं सुरू झालं ते या तिसऱ्या पायरीला, माझ्याशी नव्हे, त्या काकूंशी.

‘तुम्ही बसा हो, आम्ही करतो.’ आपल्या घरांतलं हे सगळ्यात मायेचं वाक्य म्हाताऱ्या माणसाच्या हातून एकेक वस्तू काढून घेतं. आधी विळी जाते, मग गॅस, मग देवाची भांडी घासायची चिंच. शेवटी हातात उरतो टीव्हीचा रिमोट. विळीने बोट कापेल ही भीती खरी असते, मी ती थट्टेवारी नेत नाही. पण मग विळी काढून घेताना सोलायचे मटार हातात द्या, फुलवाती वळायला कापूस द्या. समई चिंच-मिठाने घासणारीला घासू द्या, तळाशी काळं राहिलं तरी पुन्हा घासू नका, निदान तिच्यादेखत तरी नको.

चाळीतून टॉवरमध्ये जाताना पाटा-वरवंटा आणि सूप भंगारात जातं हे सगळ्यांना दिसतं. उजेड जातो ते कुणी मोजत नाही. गॅलरीत बसणारा माणूस दिवसाचे दोन-तीन तास आपोआप उघड्या आकाशाखाली असायचा. पावसाळी, ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड हजार लक्सच्या वर असतो. घरातला ट्यूबलाइट डोळ्यांपर्यंत जेमतेम शे-दोनशे पोचवतो. शरीरातलं झोपेजागेचं घड्याळ सकाळच्या उजेडाने लागतं आणि ते घसरलं की मनही घसरतं. म्हणून माझ्या सल्ल्यात बहुतेक वेळा पहिली वस्तू असते खुर्ची. नवी नको. पेपर वाचायची खुर्ची सोफ्याच्या कोपऱ्यातून उचलून खिडकीला लावा, वाळत घातलेले कपडे तिथून हलवा आणि सकाळचा चहा तिथेच घ्या. ज्यांच्या सगळ्या खिडक्या डक्टकडे उघडतात त्यांना मी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने फेरी मारायला सांगते.

वासाचं थोडं वेगळं आहे. बाकीच्या इंद्रियांच्या संवेदना मेंदूत थॅलेमस नावाच्या चौकीवरून पुढे जातात. वासाचा रस्ता मात्र त्या चौकीला वळसा घालून भावना आणि आठवणींच्या केंद्रांशी भिडतो. मोती साबणाचा कागद फाडला की काहींना थेट लहानपणची पहाट आठवते ते यामुळे. पण हीच वाट खाली उतरायलाही वापरली जाते. गेलेल्या माणसाचा शर्ट न धुता कपाटात ठेवून रोज हुंगणारे मी पाहिले आहेत. ते चूक आहे असं मी म्हणत नाही. मी एवढंच पाहते की शर्ट ठेवल्यावर माणूस उठून चहा टाकतो, की दुपारपर्यंत तिथेच बसून राहतो. दुसरा प्रकार असेल तर शर्ट फेकायला न लावता त्याची पिशवी शिवून भाजीला न्यायला सुचवते. काही जण भडकतात. काही जण शिवतात.

कुंडीतल्या रोपाचं पुष्कळ ऐकायला मिळतं. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ साली अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात काहींना रोप देऊन ‘याची जबाबदारी तुमची’ म्हटलं, बाकीच्यांच्या रोपांना कर्मचारी पाणी घालत. जबाबदारी मिळालेले जास्त हुशारीत राहिले. अभ्यास लहान होता, रोपाशिवाय इतरही निवडी पहिल्या गटाला दिल्या होत्या, म्हणून मी त्यावर फार इमले चढवत नाही. तुळस लावाच, पण पाणी घालायचं कुणी ते आधी ठरू दे.

घरकामाच्या वस्तू हाताशी असल्यामुळे बायकांसाठी काहीतरी पटकन सापडतं. निवृत्त पुरुषांचं कठीण. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातांना घरात धरण्यासारखं काही नव्हतं. पत्नीने रेडिओ लावून दिला होता. तोही कामाचा, ठरलेल्या वेळेच्या कार्यक्रमांनी रिकाम्या दिवसाला खुंट्या मिळतात. पण त्यांना ऐकायचं नव्हतं, उघडायचं होतं. माळ्यावरची हत्यारांची पेटी खाली आली, पाने-पक्कड गंज काढून तेल लावून झाले, आणि सुरुवात स्वतःच्या घरच्या मिक्सरपासून झाली. जार लॉक होत नव्हता, खालचं रबरी कपलर झिजलेलं होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दोन आठवडे झोप-भूक उडालेली असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोलत असेल, तर वाल आणि मिक्सर बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. १४४१६ या ‘टेली-मानस’च्या क्रमांकावर फोन लावला तर चोवीस तास मराठीतही बोलता येतं; ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा फुकट आहे. या फिटरकाकांच्या गोळ्याही पहिले काही महिने चालू होत्याच.

मिक्सरनंतर शेजाऱ्यांच्या इस्त्र्या आल्या, मग टेबलफॅन. यंदा सोसायटीच्या दिवाळीच्या माळा त्यांच्याकडे आल्या आहेत. त्यांनी मला फोन करून विचारलं की फुकट करावं का. मी म्हटलं, अजिबात नको, दर लावा. त्यांनी लावला. तो जास्त आहे असं सेक्रेटरींचं म्हणणं असून विषय पुढच्या मीटिंगला घेतला आहे, आणि काका सध्या रोज संध्याकाळी बाजारातले भाव लिहून काढत आहेत.