बेस आहे!

गाणी वाजवायची यंत्रं विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला एकच शब्द पुरतो : 'बेस'. इंग्रजीत त्याचा अर्थ खालचे, जाड सूर. आणि आमच्याकडे बेस म्हणजे झकास. दोन भाषांचं इतकं एकमत आमच्या बँकेच्या त्रिभाषिक फॉर्मवरसुद्धा होत नाही.

बेस म्हणजे काय, हे तबला पाहिलेल्याला सांगायला नको. उजव्या हाताखाली तबला, डाव्या हाताखाली डग्गा. टाळ्या तबला घेतो, तोल डग्गा सांभाळतो. डग्गा काढून घ्या, मागे उरतो तो टाइपरायटर! मोबाइलमधला स्पीकर नखाएवढा. खालच्या सुराला लागते तेवढी हवा ढकलायचा दम तो बिचारा आणणार कुठून? त्यावर गाणं ऐकणं म्हणजे वरण वगळून नुसती फोडणी खाणं.

पूर्वी यावर उपाय होता. स्पीकर माठाच्या तोंडावर बसवायचा. नागपूरच्या उन्हाळ्यात माठ पाण्याला की गाण्याला, एवढाच काय तो गृहकलह. आता होम थिएटर आलं, त्याचा हिशेब ५.१. पाच स्पीकर आणि पॉइंट एक म्हणजे सबवूफर. बोलतात पाचजण, घर हलवतो तो दशांशचिन्हापलीकडचा. दशांशाची ही ताकद आम्हा बी.कॉम. लोकांना आधीपासून ठाऊक आहे. एका पॉइंटने तेरीज चुकली की अख्खी शाखा हलते.

अडचण एकच. सेकंदाला ५० कंपनांचा सूर घ्या, त्याची एक लाट होते सुमारे ७ मीटरची. वाडीतला आमचा हॉल ४ मीटरचा. उरलेले ३ मीटर जाणार कुठे? शेजारी! बारीक सुरांना भिंत अडवते. जाड सूर भिंतीलाच सोबत घेऊन निघतात. शेजारच्या काकू पहिल्याच दिवशी दारात.

"भाऊ, गाणं तुमच्याकडे वाजून राहिलं, पण भांडी आमची वाजून राहिली!"

आतून सौ.चा आवाज आला, "बास!" हा शब्द मात्र फारसीतून मराठीत आलेला.

सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली. पण ती ज्या 'ए' मापाने मोजतात, त्यात ५० कंपनांच्या सुराला सुमारे ३० डेसिबलची सूट मिळते. मापाला जे फारसं ऐकू येत नाही, ते काकूंच्या ताटल्यांना ऐकू येतं! एवढी सूट आम्ही ज्येष्ठ नागरिकांनाही देत नाही.

आणि आमच्या घरातले ज्येष्ठ नागरिक म्हणजे बाबा, वय ८२. म्हातारपणी कान वरचे सूर आधी सोडतो. दाराची बेल गेली, चिमण्या गेल्या, नातीचं बोलणं गेलं. 'काय म्हणाली?' विचारायचंही हळूहळू त्यांनी सोडलं, आणि माणसांत बसायचंही. गाण्याचं तर नावच नको.

त्या डब्याशेजारी ते सहज खुर्ची ओढून बसले. भजन लागलं होतं. त्यांनी डब्यावर हात ठेवला आणि थोड्या वेळाने बोटं ठेका धरू लागली, अगदी समेवर! 'बास' म्हणणारी सौ. पदराला हात पुसत आली आणि तिनेच बेसचं बटण एक घर वाढवलं.

मी काकूंकडे गेलो. संध्याकाळी ७ ते ७॥, एवढी वेळ मागितली. अमरावती रोडवरचे ट्रक दिवसभर फुकट बेस पुरवतात, त्यात आमची भर अर्ध्या तासाची. काकूंनी ऐकून घेतलं आणि ताटल्यांची मांडणी पलीकडच्या भिंतीला हलवली. "बाबा ऐकून राहिले ना? मग असू द्या."

बाबांना कानाशी ओरडून विचारलं, कसं वाटतं?

"बेस आहे," म्हणाले.

इंग्रजीतला की मराठीतला, ते मी विचारलं नाही.