आयोवाचा बर्फ आणि आपली फरदड



सव्वा महिना पेजवर काही टाकलं नाही. बऱ्याच जणांनी विचारलं, भाऊ कुठे गायब? तर मी, सौ. आणि धाकटा मुलगा असे तिघं लेकीकडे अमेरिकेत जाऊन आलो. जावईबापू आयोवा राज्यात एम्स नावाच्या गावी नोकरीला आहेत. डिसेंबर-जानेवारी, म्हणजे तिकडे ऐन बर्फाचे दिवस. लोक म्हणत होते उन्हाळ्यात जा, हिरवंगार दिसेल. पण आपल्याला सवड कधी, तर कापसाची मोठी वेचणी आटोपून हरभऱ्याला एक पाणी दिल्यावरच. भावावर वावर सोपवलं आणि निघालो.

फिरण्याचे फोटो लेकीने टाकलेत, ते तिकडे बघा. हे पेज शेतीचं आहे, म्हणून शेतीचं तेवढं लिहितो.

पहिली गंमत विमानतळावरच. तिथं उतरल्यावर एक प्रश्न विचारतात, बियाणं, फळं, माती असं काही आणलं का, आणि अलीकडे शेतावर जाऊन आलात का? मुलाने मला मराठीत सांगितलं. मी म्हटलं, सांग त्यांना, आम्ही शेतातच राहतो. त्या बाईंनी हसून बुटांकडे पाहिलं. बूट नवे होते, धुळ्याहून घेतलेले. पारोळ्याची माती लागलेली असती तर साफ करायला लावले असते. तेव्हा वाटलं, एवढी काय भीती आमच्या मातीची? त्याचं उत्तर पुढे मिळालं, तेही सांगतो.

शिकागोहून एम्स मोटारीने सहा तास. मध्ये मिसिसिपी नदी लागते, काठाकाठाने गोठलेली. तिच्या पलीकडे आयोवा. मग नजर जाईल तिथवर पांढरं. ना बांध, ना बाभूळ, ना माणूस. सौ. गाडीच्या काचेतून बघत होती. म्हणाली, "माय वो, आख्खा वावरमा कापूस फुटेल शे!" लेक इतकी हसली की डोळ्यात पाणी आलं तिच्या. तीन वर्षांनी आईच्या तोंडची अहिराणी कानावर पडत होती, त्याचंही असेल ते पाणी.

थंडीचं सांगतो. आपल्याकडे पारा आठ-नऊवर आला की आपण शेकोटी पेटवतो आणि गव्हाला मानवलं म्हणतो. तिथं एका पहाटे उणे एकवीस होतं. श्वास घेतला की नाकातले केस ताठ होतात. आत थर्मल, त्यावर शर्ट, स्वेटर, वर जाडजूड कोट, कानटोपी, दोन हातमोजे. सौ.ने साडीखालीच थर्मल घातलं आणि वरून जावयाचा कोट. घरासमोरच्या फूटपाथवरचा बर्फ ज्याचा त्यानेच काढायचा. मला फावड्याचं काम म्हटल्यावर बरं वाटलं. पण आपल्या मातीच्या फावड्याचा इथं उपयोग नाही, रुंद, हलकं प्लास्टिकचं फावडं लागतं. ताजा पडलेला बर्फ भुशासारखा हलका असतो. साधारण दहा इंच असा बर्फ वितळला की एक इंच पाणी होतं. मी मनात हिशोब करत होतो, हे एवढं सगळं बोरी धरणात टाकता आलं असतं तर!

खाण्याचं एकच सांगतो. सौ.ने कळण्याचं पीठ नेलं होतं. भरीत करायचं ठरलं. तिथली वांगी मोठी, जांभळी, दिसायला झकास. पण आपल्या हिरव्या-पांढऱ्या भरताच्या वांग्याची चव त्यात कुठून येणार? जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली जीआय मिळालं ते उगाच नाही. आणि भाजायला पऱ्हाटीच्या काड्या कुठून आणणार? गॅसवर भाजलं. धूर झाला आणि छताला लावलेला भोंगा कोकलायला लागला. नातू टाळ्या पिटतोय, जावईबापू स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालतायत. पाच वर्षांचं पोरगं, मराठी समजतं पण बोलत नाही. महिनाभरात आजीने त्याला एक वाक्य पक्कं शिकवलं: "काय चालनं?" सकाळी उठला की तेच.

आता वावराकडे या.

आयोवा म्हणजे मका आणि सोयाबीन. मक्याच्या उत्पादनात अमेरिकेत पहिला नंबर. जावयाच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे गेलो. वय सत्तरच्या पुढे. मशिनरीच्या शेडमध्ये बसलो, तिथं हिटर होता. त्यांनी विचारलं, किती जमीन? मुलाने सांगितलं, सात एकर. त्यांना वाटलं सातशे. मग त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा सात. तिथं सरासरी शेत साडेतीनशे एकराच्या आसपास. मी म्हटलं, सातमध्ये भावाचंही आहे. ते हसले नाहीत. म्हणाले, मग तुम्ही एकेक झाड ओळखत असाल.

मक्याचं उत्पन्न एकरी दोनशे बुशेलच्या घरात. एक बुशेल मका म्हणजे साधारण साडेपंचवीस किलो, म्हणजे एकरी पन्नास क्विंटल. ऐकून आपण गप्प बसतो. पण भाव विचारला. बुशेलला चार डॉलरच्या वर-खाली. मुलाने मोबाईलवर हिशोब केला, क्विंटलला चौदाशे रुपयांच्या आसपास. आपला हमीभाव त्याहून वर आहे, मिळतो की नाही हा वेगळा विषय. बियाणं, खत, औषध, मशिनरीचे हप्ते, जमिनीचा खंड, सगळं सांगून झाल्यावर तेही आपल्यासारखेच म्हणाले, राहत काही नाही. त्यांना तीन मुलं, तिघंही शहरात. जमीन दोन वर्षांत खंडाने देणार. अमेरिकेत शेतकऱ्याचं सरासरी वय २०२२ च्या गणनेत ५८ भरलं आहे. हे ऐकताना माझा मुलगा बूट बघत बसला होता. त्याने बी.एस्सी. अ‍ॅग्री केलं आहे आणि पुढे काय, हा प्रश्न आमच्या घरात वर्षभर आहे.

त्यांनी रस्त्याच्या दोन बाजूंची शेतं दाखवली. एका बाजूला मक्याची धसकटं तशीच उभी, त्यात बर्फ अडकून बसलेला, स्वच्छ पांढरा. दुसरं शेत कापणीनंतर नांगरून टाकलेलं. त्याच्या कडेच्या चारीतला बर्फ काळा! वाऱ्याने उडालेली माती बर्फात मिसळलेली. दीड शतकात त्या काळ्या जमिनीचा वरचा निम्मा थर गेला, असं तिथं सर्रास सांगतात. आपल्याकडे माती पावसात वाहते तेव्हा पाणी गढूळ दिसतं आणि आपण विसरतो. तिथं बर्फावर हिशोब लिहिलेला दिसतो. काही जण मका निघाला की राय पेरतात, गव्हाच्या जातीचं धान्य. बर्फाखाली ते मरत नाही. बर्फ गोधडीसारखा असतो, वर उणे वीस असलं तरी खाली तेवढी थंडी पोचत नाही. वसंतात ते पुन्हा हिरवं होतं, माती धरून ठेवतं.

मी विचारलं, एवढ्या थंडीत किडी सगळ्या मरत असतील? तुमची मजा आहे. ते म्हणाले, कुठली मजा! मक्याच्या मुळं खाणाऱ्या किडीची अंडी जमिनीत हिवाळाभर झोपतात आणि जूनच्या सुमारास फुटतात. मग उपाय काय? त्या शेतात पुढच्या वर्षी मका नाही, सोयाबीन. अळी बाहेर येते, तिला मक्याचं मूळ सापडत नाही, उपाशी मरते. म्हणजे उणे वीसला जी मरत नाही ती उपासाने मरते. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

एम्समध्ये आयोवा स्टेट युनिव्हर्सिटी आहे. तिथं कार्व्हर हॉल नावाची इमारत पाहायला मी मुद्दाम गेलो. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ ज्यांनी वाचलं त्यांना सांगायला नको. गुलामीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर इथंच शिकला, १८९४ साली पदवी, १८९६ साली एम.एस., आणि मग दक्षिणेत अलाबामात टस्कीगीला गेला. तिथं काय होतं? वर्षानुवर्षं कापूस एके कापूस घेऊन भकास झालेली जमीन आणि कर्जात बुडालेले शेतकरी. कार्व्हर त्यांना सांगत राहिला, कापसानंतर भुईमूग घ्या, चवळी घ्या, रताळी घ्या. नुसतं सांगितलं नाही, १९०६ पासून घोडागाडीवर अवजारं आणि बियाणं घालून गावोगाव दाखवत फिरायची सोय केली. बर्फात त्या इमारतीसमोर उभा राहून मी आमच्या शिवाराचा विचार करत होतो. माझ्या आजोबांच्या काळात कापसाशेजारी भुईमूग, मूग, उडीद, दादर सगळं होतं. आता एकदा कापूस लावला की तोच.

त्याच रात्री भावाचा फोन. साडेअकरा तासांचा फरक, आमची रात्र म्हणजे त्याची सकाळ. "भाऊ, पऱ्हाटी ठेवानी का उपाडानी?" तीन एकर कपाशी उभी. विहिरीला पाणी आहे. दोन पाणी दिली तर फरदडीचा एकरी दोन-तीन क्विंटल तरी निघेल असं त्याचं म्हणणं. शेजारच्या दोघा-तिघांनी ठेवलीच होती. त्याच्या पोरीचं लग्न मे महिन्यात. त्याला पाच-सात क्विंटल कापूस म्हणजे चेष्टा नाही.

मी म्हटलं, एक दिवस दे. मुलाला म्हटलं, मला गुलाबी बोंडअळीचं इथलं काय ते शोधून दे. त्याने रात्री बसून वाचलं आणि सकाळी चहावर सांगितलं. या अळीची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा झाली ती १८४० च्या दशकात, आपल्या शेजारच्या भडोचच्या कापसावरून. तिथून जगभर पसरली. इजिप्तच्या सरकीतून मेक्सिकोत आणि १९१७ साली टेक्सासमध्ये. म्हणजे विमानतळावर माझे बूट का बघितले ते कळलं! पुढे शंभर वर्षं त्यांनी तिच्याशी झुंज दिली. बीटी कपाशी, कामगंध सापळे, विमानातून सोडलेले वांझ पतंग, आणि ठरलेल्या तारखेच्या आत पऱ्हाटी गाडायची सक्ती. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने जाहीर केलं, आमच्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपली. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ ला, आपल्याकडे काय झालं ते तुम्हाला आठवतं. बोंडं फोडली की आत अळी, आणि लोकांनी उभ्या कपाशीत रोटावेटर घातले.

कापूस पिकतो त्या राज्यांत आयोवासारखा बर्फ पडत नाही. तिथला अळीचा उपास माणसांनी घडवला. आपल्याकडे मात्र एप्रिलपर्यंत फरदड, बांधावर पऱ्हाटीचे ढीग, आणि मे महिन्यात पाण्यावर नवी लागवड. अळीला बाराही महिने पंगत.

भावाला फोन केला. म्हटलं, उपट. तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, आणि लग्नाचं? मी सांगितलं, फरदडीचा जो कापूस गेला त्याचा अर्धा भार माझ्या हिश्श्याच्या हरभऱ्यातून तुझ्याकडे. तो म्हणाला, हिश्श्याचं नको बोलू, ठेलारीला सांगतो. दुसऱ्या दिवशी मेंढरं बसवली. उरलीसुरली कैरी, कवडी सगळी त्यांनी खाल्ली, वर लेंडीखत मिळालं. मग पऱ्हाटी उपटून जागेवर कुट्टी केली. बांधावर एक काडी रचली नाही. भरतासाठीसुद्धा नाही, त्याला तुराट्या आहेत.

निघताना लेक दारात उभी होती. बर्फात तिला बाहेर येऊ नको म्हटलं तरी आली. सौ. एवढंच बोलली, "आते उन्हायामा तुम्ही या." नातू म्हणाला, "काय चालनं?" त्याला वाटतं निरोपालाही तेच म्हणतात.

मुलाने आयोवा स्टेटचा अर्ज भरला आहे, कीटकशास्त्राला. मी त्याला जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. त्या सत्तरीच्या शेतकऱ्याचं शेड माझ्या डोळ्यासमोर आहे आणि २०१७ ची बोंडंही आहेत. उत्तर आलं की कळवतो.

आता कामाचं. आमच्या तीन एकरांत यंदा कापूस नाही. दीड एकर मूग, त्यावर रब्बीत दादर, आणि दीड एकर भुईमूग. पण पतंग बांध ओळखत नाही. आमची पऱ्हाटी गेली आणि शेजारी उभी राहिली तर मेंढरं जेवली एवढाच फायदा. म्हणून आमच्या शिवारातल्यांना येत्या रविवारी सकाळी मारुतीच्या पारावर बोलावलं आहे. पऱ्हाटी काढायची सगळ्यांची एक तारीख ठरवू, आणि जूनच्या आधी कुणी सरकी टोचायची नाही हेही ठरवू. ज्यांनी फरदड ठेवली आहे त्यांच्याशी भांडायला कुणी येऊ नका, त्यांच्याही घरी लग्नं आहेत. कुट्टी मशीनचं भाडं वर्गणीतून कसं काढायचं यावर बोलू. चहा आमच्याकडे.