डब्याखालची सावली

९ मे. विद्यानगरच्या आमच्या गच्चीवर साखरेचा रिकामा स्टीलचा डबा उपडा ठेवून मी उकिडवा बसलोय. फरशी इतकी तापलीय की पायाखाली ओलं पोतं घ्यावं लागलं. सकाळी डब्याची सावली हातभर होती. बाराच्या ठोक्याला नखाएवढी उरली, मग दोऱ्याएवढी. बारा वाजून बारा मिनिटांनी तीही डब्याखाली शिरली. सूर्य बरोबर माथ्यावर. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्या आपल्याला हे वर्षातून दोनदा पाहायला मिळतं. हैदराबादला एकदा आता, आणि पुन्हा ३ ऑगस्टच्या सुमारास.

म्हणजे घड्याळात बारा वाजले तेव्हा इथली दुपार अजून व्हायचीच होती. घड्याळातले बारा हे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताचे. हैदराबाद त्याच्या चार अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात, म्हणून आपण सोळा मिनिटं मागे. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, त्यामुळे मेमध्ये सूर्य त्यातली तीन-चार मिनिटं भरून काढतो. ही प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबईने आपली एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. मुंबईकरांचा तो हट्ट मला कधी वेडेपणाचा वाटला नाही. आपल्या अंगणात येणारा सूर्य सोडून दूरच्या सूर्यावर जेवायला बसायचं, हे सहज गळी उतरणारं नव्हेच.

आमचे दादा परभणीकडचे, निजामाच्या राज्यात जन्मलेले. त्यांच्या जन्माचा एक पिवळा कागद माझ्या कपाटात आहे. घडीवर विरलेला, उर्दूतला. त्यावर महिना खुर्दाद आणि साल १३४८ फसली. फसली म्हणजे पिकांचं साल. हिजरी वर्ष चंद्राचं, सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. त्यावर शेतसारा बांधला तर काही वर्षांत वसुलीची तारीख पीक उभं असतानाच येऊन ठेपायची. म्हणून सूर्याची चाल धरून हे वेगळं साल चालवलं. हैदराबाद संस्थानात ते ऑक्टोबरात, आजुर महिन्याने सुरू व्हायचं. दादांचं खुर्दाद म्हणजे १९३९चा एप्रिल. शाळेत घालताना मास्तरांनी मात्र सरळ १ जून लावून टाकला, त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांसारखा. पेन्शनही त्यावरच बसली. आजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी तिचा मुलगा चैत्र वद्य एकादशीचा, आणि दर वर्षी त्या दिवशी ती स्वतः उपाशी राहून त्याला ओवाळायची.

ती एकादशी मला मध्यंतरी पुन्हा आठवली. लेकीला शिकागोत मुलगी झाली, १४ ऑक्टोबरला, रात्री पावणेनऊला. फोन आला तेव्हा आमच्याकडे १५ची सकाळ उजाडून खाली दूधवाला येऊन गेला होता. भिंतीवरचं घड्याळ बघत ही म्हणाली, ‘‘अहो, मग वाढदिवस चौदाचा धरायचा की पंधराचा?’’ मी पंचांग काढलं. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की तिथी पालटते. हे अंतर आकाशातलं आहे, घड्याळातलं नाही. ज्या क्षणी ती रडली त्या क्षणी शिकागोत, विद्यानगरात आणि परभणीत चंद्र सूर्यापासून तेवढ्याच अंतरावर होता. तारखा दोन, पण त्या क्षणाची तिथी एकच. मी हिला तसं सांगितलं आणि बोलता बोलता माझा गळा दाटून आला. आजीने दादांसाठी जे धरून ठेवलं होतं, ते साता समुद्रापलीकडेही तसंच्या तसं होतं.

इथून चालत गेलं तर उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात हत्तीएवढे ग्रॅनाइटचे धोंडे आहेत. संध्याकाळी मी तिथे जाऊन बसतो. नांदेडहून निजामाबादकडे गाडीने येताना काळा दगड संपून हा करडा-गुलाबी दगड लागतो. आमच्या गावचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लहानपणी मला त्याहून जुनं काही असेल असं वाटायचं नाही. हा ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांचा आहे. विश्वाचं वय १३८० कोटी मानलं, तर त्यातला पाचवा-सहावा हिस्सा या एका धोंड्याने पाहिला. याच विद्यापीठाकडे १९१९ पासून निजामिया वेधशाळा होती, १९०१ साली नवाब जफर जंग यांनी उभारलेली. जगभरातल्या वेधशाळांनी मिळून आकाशाचा नकाशा काढायचं ठरवलं, त्यातला एक पट्टा पुढे हैदराबादच्या वाट्याला आला. काचेच्या पट्ट्यांवर तारे टिपायचे आणि डोळे ताणून एकेकाची जागा मोजायची. वर्षानुवर्षं ते काम इथे चाललं. त्या काचांवर पडलेला कितीतरी उजेड शेकडो वर्षांपूर्वी निघालेला असेल.

या धोंड्यांवर हात ठेवला की दिवसभराचं ऊन अजून आत असतं. अंधार पडल्यावरही बराच वेळ ते तळव्याला लागत राहतं.

नातीचा व्हिडिओ कॉल आता येईल. तिकडे पावणेदोन वाजलेत, ती दुधाला उठायची वेळ. डब्याच्या पूर्वेकडून दोऱ्याएवढी सावली बाहेर आलीय. फोन डब्याला टेकवून मी तिला ती दाखवणार आहे.