वाघनखांची ओळखचिठ्ठी

महाडवरून महाबळेश्वरला निघालेली मुंबईकर मंडळी पोलादपूरला उतरतात ती चहापुरती. मुलांना वडा, मोठ्यांना चहा, आणि "चला, घाट चढायचा आहे" अशी घाई! इथून एक रस्ता कशेडी घाटाने खेडकडे जातो, दुसरा आंबेनळीने वर चढतो आणि वाडा कुंभरोशीपाशी प्रतापगडाचा पायथा गाठतो.

चहा पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, याच गावात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. नेवाशाचे हे पंडित. शिवाजी महाराजांच्या हयातीतच त्यांनी महाराजांचे संस्कृत चरित्र, 'शिवभारत', रचले. तंजावरला सापडलेली त्याची पोथी स. म. दिवेकरांनी १९२७ साली प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे ते मराठी वाचकांच्या हाती आले. गड चढण्यापूर्वी इथे थांबावे असे मी म्हणतो, ते वाघनखांच्या वादामुळे.

१९ जुलै २०२४ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीवर साताऱ्याच्या संग्रहालयात आली. कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांनी मात्र आधीच हरकत घेतली होती की, ही ती नव्हेतच. भक्तिभावाच्या गर्दीत अशी शंका काढणारा अप्रिय होतो. पण शंका काढायला नको का?

जुन्या क्रोनोग्राफ घड्याळाचा दर्दी तबकडीवरच्या नावाला भुलत नाही. तबकडी नव्याने रंगवलेली असू शकते. तो झाकण उघडून आतले यंत्र पाहतो आणि घड्याळ कोणाकडून कोणाकडे गेले ते विचारतो. वाघनखांच्या बाबतीत ही तबकडी म्हणजे पेटीवरचा मजकूर. त्यात म्हटले आहे की, शिवाजीने ज्यांनी मोगल सेनापतीला मारले ती ही नखे, पेशव्यांच्या मुख्य प्रधानाने साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांना दिली. आता चौथीतला मुलगाही सांगेल की, अफझलखान विजापूरच्या आदिलशहाचा सरदार, मोगलांचा नव्हे. आणि पेशवा हाच मुळी छत्रपतींचा मुख्य प्रधान. त्याचा मुख्य प्रधान तो कोण? शिवाय १० नोव्हेंबर १६५९ पासून ग्रँट डफ साताऱ्यास आले त्या १८१८ पर्यंत ही वस्तू कोणाच्या फडताळात होती, याचा पेटीवर एक शब्द नाही. खुद्द संग्रहालयही सांगते की, महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री पटवता आलेली नाही. हा त्यांचा प्रामाणिकपणा मला आपल्याकडच्या जाहिरातींपेक्षा अधिक भावतो.

मग वाघनखे ही दंतकथा का? तसेही नाही. महाराजांच्या पदरी राहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत बिचव्याबरोबर डाव्या हातचे वाघनख स्पष्ट सांगितले आहे. पण ती बखर महाराजांच्या पश्चात, राजारामांच्या काळात लिहिलेली. पोलादपुरात विसावलेले परमानंद त्याहून जवळचे साक्षीदार, आणि त्यांच्या काव्यात खानाच्या पोटात शिरते ते कृपाण! प्रतापगडाच्या गोष्टीत कोणाच्या हाती काय होते, याचा हा निकाल दोन कागदांत अडकलेला आहे. लंडनच्या पेटीतल्या पोलादाने तो सुटत नाही. माझे म्हणणे एवढेच की, नखांखालच्या पाटीवर 'ग्रँट डफ घराण्याकडून आलेली' असे लिहावे, आणि शेजारी सभासदाचे व परमानंदांचे म्हणणे मराठीत लावावे.