झोपेची पट्टी

लुडम डेअर ही गेम जॅम २००२ साली सुरू झाली. तिचा कडक प्रकार एकट्याने खेळायचा: विषय ऐनवेळी कळतो आणि ४८ तासांत चित्रं, आवाज, कोड सगळं आपणच करायचं. त्याच २००२ मध्ये आमच्या पाबळच्या विज्ञान आश्रमात फॅब लॅब आली. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये हा आश्रम काढला तो हाताने काम करत शिकण्यासाठी. मला जॅम त्याच जातीची वाटते.

गोडो इंजिन फुकट आहे. त्यात मी शेतीच्या रात्रीच्या विजेवर गेम केली. लाइट आली की उठायचं, बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, मोटर चालू करून दारं धरायचं. बिबट्याही हवा होता, पण त्याचं चालणं जमवण्यातच एक रात्र गेली असती. मग मक्यात नुसते दोन डोळे ठेवले. (पूर्ण बिबट्यापेक्षा तेच भारी, माझ्या मते.)

आप्पांनी खेळून पाहिली.

"यात झोप कुठंय रं?"

सहा तास उरले होते. मी झोपेची पट्टी घातली. प्रत्येक जागरणाला ती कमी होते, पण दिवसा पूर्ण भरत नाही.

गेम अपलोड झाली तेव्हा आप्पा रानात होते.