पसरणीचा घाट आणि मामूंचा दम

डिसेंबरच्या सुट्टीत फजरची नमाज आटोपून आम्ही साताऱ्याहून सायकली काढल्या. आम्ही म्हणजे शाळेत शिकवणारे दोघे मावसभाऊ. सोबत आमचे मामू होते, वय 64, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. बेत मोठा होता: वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि केळघर-मेढामार्गे परत सातारा, सुमारे 120 किलोमीटर. दरवाजात उभ्या मुमानींनी आम्हाला बजावलं होतं, "जाताय तर जा, पण मामूंना जसे नेताय तसे परत आणा. आणि ही शेवटची सफर."

त्यांच्या काळजीला कारण होतं. मामूंनी पन्नाशीनंतर ब्रेव्हे पूर्ण केल्या होत्या. ब्रेव्हे ही स्पर्धा नव्हे, ठरलेल्या वेळेत पार करायची लांब सफर. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, 300 ला 20 आणि 600 ला 40. वयाची सवलत नाही. पंचविशीचा पोरगा आणि साठीचा माणूस, दोघांना घड्याळ एकच. गेल्या वर्षी मामू 200 च्या सफरीत पहिल्यांदाच वेळेबाहेर पोहोचले. त्यानंतर दोन महिने त्यांनी सायकलीवरची धूळसुद्धा पुसली नाही.

पाचवडला हायवे सोडला तेव्हा उजाडलं होतं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच हळदीची शेतं, थंडी बोटांत शिरणारी. वाईत कृष्णेच्या घाटाजवळ पोहे-चहा घेतला. तिथे आमचं लक्ष मामूंच्या बाटलीकडे गेलं. 35 किलोमीटर झाले तरी बाटली भरलेलीच. विचारलं तर म्हणाले, "तहानच नाही लागली, बेटा." आम्हीही पुढे काही बोललो नाही. चूक तिथेच झाली.

पसरणीचा घाट वाईतून वर चढतो. सुमारे 12 किलोमीटरमध्ये जवळपास 600 मीटरची चढण. फार खडी नाही, पण उसंत देत नाही. पहिली वळणं मामू आमच्या पुढे होते. मागे दरीत धोमचं पाणी चमकू लागलं, कठड्यावर माकडं बसली होती. निम्मा घाट झाला आणि मामूंचं पॅडल जड झालं. एका वळणावर ते उतरले, सायकल कठड्याला टेकवली आणि मान खाली घालून उभे राहिले.

आम्ही घाबरलो. छातीत दुखतंय का, डाव्या हातात कळ येतेय का, चक्कर येतेय का, सगळं विचारलं. नाही म्हणाले. महिन्यापूर्वीच डॉक्टरांनी त्यांचा ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून हिरवा कंदील दिला होता, म्हणून थोडा धीर होता. यातलं एक जरी लक्षण असतं तर तिथूनच गाडी करून दवाखाना गाठायचा होता. दम लागणं आणि छाती दुखणं, दोन्ही वयाच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

पाणी, मीठ-साखर आणि खजूर पोटात गेल्यावर मामू बोलू लागले. "पाय आहेत रे, दम कुठे गेला?"

आम्ही वाचलेलं सांगितलं. वयाबरोबर हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा खाली येते. स्नायू कमी होतात, त्यातही जोर लावणारे तंतू आधी. शरीराची प्राणवायू वापरण्याची ताकद बैठं काम करणाऱ्यांत दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी घटते. मेहनत चालू ठेवणाऱ्यांत ही घट कमी असते. थकवा भरून यायला जास्त दिवस लागतात. आणि तहानेची जाणीवच मंद होते, म्हणून साठीनंतर तहान लागायची वाट न पाहता घड्याळ पाहून पाणी प्यावं.

मग फ्रान्सच्या रॉबेर मार्शां यांची गोष्ट सांगितली. जन्म 1911 चा. शंभरीत त्यांनी एका तासात 24 किलोमीटरहून अधिक सायकल चालवली. पुढे दोन वर्षं शिस्तीने सराव केला. बहुतेक सराव संथ, थोडासाच जोराचा. 102 व्या वर्षी त्याच एका तासात जवळपास 27 किलोमीटर झाले. शास्त्रज्ञांनी मोजलं तर त्यांची प्राणवायू वापरण्याची ताकद वाढली होती.

मामूंचे डोळे चमकले. "म्हणजे वाढते?"

"वाढली. पण 2017 मध्ये, 105 व्या वर्षी, तासाला साडेबावीस किलोमीटरच झाले, मामू."

मामू थोडा वेळ दरीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "घटलं तरी आला ना तो चालवायला."

उरलेला घाट आम्ही वेगळ्या रीतीने चढलो. एसटीच्या मिस्त्रीने आयुष्यभर चढाला गिअर खाली घेतला, पण सायकलवर मात्र जवानीचाच गिअर ओढत होता. आता मागची मोठी चक्री, हलकं पॅडल आणि बोलता येईल एवढाच वेग. दर पंधरा मिनिटांनी आम्ही ओरडायचो, "मामू, पाणी!" दोन ठिकाणी ते पायी चालले. आम्हीही उतरलो. चाळिशी ओलांडलेले आमचे पाय काही कमी दुखत नव्हते, फक्त कबूल करायला सोबत मिळाली.

पाचगणीत सिल्व्हर ओकच्या सावलीत पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. महाबळेश्वर आणखी 19 किलोमीटर. आम्ही मामूंकडे पाहिलं. त्यांनीच सांगितलं, "आज इथंवरच." टेबल लँडवर फिरलो, जोहर पाचगणीतच अदा केली, जेवलो आणि आल्या वाटेने हळूहळू उतरलो. मगरिबच्या आत घरी.

मुमानींनी मामूंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "झाली ना शेवटची?"

मामूंनी रिकाम्या बाटल्या तिच्या हातात दिल्या. "ब्रेव्हे झाली शेवटची. सायकल नाही."

बरीच घासाघीस होऊन अटी ठरल्या: एकट्याने जायचं नाही, वर्षातून एकदा तपासणी, आणि लांबच्या सफरीनंतर दोन दिवस पूर्ण आराम. पुढच्या रविवारी वाईपर्यंत जायचं ठरलंय. घाट नाही. पाण्याच्या बाटल्या मुमानी स्वतः मोजणार आहेत.