सहा लँडिंगचा दिवस

1 नोव्हेंबर 2025
वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा आजपासून लागू झाला. आठवड्याची सलग सुट्टी 36 तासांवरून 48 वर जुलैतच गेली होती, आता रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. हे नियम जाहीर झाले जानेवारी 2024 मध्ये. त्याच वर्षी जूनपासून लागू व्हायचे होते. कंपन्या म्हणाल्या, वैमानिक पुरणार नाहीत. मग मुदतवाढ, मग दिल्ली उच्च न्यायालय.

ऑगस्ट 2023 मध्ये नागपूर विमानतळावर बोर्डिंग गेटपाशी एक कॅप्टन कोसळले आणि गेले. पुण्याचं विमान न्यायचं होतं त्यांना. थकव्यानेच गेले, असं मी म्हणणार नाही. पण त्या आठवड्यात क्रू रूममध्ये जो तो आपलं मागचं रोस्टर उघडून बसला होता, हे मी पाहिलं आहे.

6 नोव्हेंबर
हैदराबादहून राजमुंद्री आणि परत, तिरुपती आणि परत, कोल्हापूर आणि परत. सहा लँडिंग. हवेतले तास आठच्या आत, म्हणजे कागदावर सगळं नियमात.

लांब पल्ल्यावर एकदा वर पोचलं की श्वास घ्यायला उसंत मिळते. आमचं पंख्याचं एटीआर विमान सतरा-अठरा हजार फुटांवर स्थिरावतं न स्थिरावतं तोच उतरायचं ब्रीफिंग सुरू करावं लागतं. जेट ढगांच्या डोक्यावरून निघून जातं, आम्ही ढगांतूनच वाट काढतो. खाली उतरलं की तेल, लोडशीट, टेक लॉग, पुढच्या गावाचं हवामान, आणि अर्ध्या तासात पुन्हा चेकलिस्ट.

या विमानाला जमिनीवर वीज आणि थंड हवा देणारं वेगळं छोटं इंजिन नसतं. त्यासाठी उजवं इंजिन चालू ठेवून त्याच्या पंख्याला ब्रेक लावतात. याला हॉटेल मोड म्हणतात. मागून वारा जोराचा असला की तोही वापरता येत नाही. दुपारी तिरुपतीला तसंच झालं. काचेतून ऊन थेट मांडीवर, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि माझा को-पायलट रुमालाने कपाळ पुसत वजनाचे आकडे दुसऱ्यांदा तपासत होता. दुसऱ्यांदा तपासलं म्हणून मला बरं वाटलं. सहाव्या फेरीलाही तो तसंच तपासेल का, हा खरा प्रश्न आहे.

नियमाचं गणित असं: दोन लँडिंग असतील तर ड्यूटी 13 तासांची, सहा असतील तर 11 ची. म्हणजे जास्तीच्या प्रत्येक लँडिंगमागे अर्ध्या तासाची सवलत. ज्याने हे ठरवलं त्याने एकदा मे महिन्यात शेवटच्या फेरीला आमच्या मागच्या सीटवर बसावं, असं मला मनापासून वाटतं.

13 नोव्हेंबर
सकाळी धुकं. विमान जागेवरच, आम्ही कॉकपिटमध्ये. पगाराचा मोठा हिस्सा उड्डाणाच्या तासांवर, आणि तो तास चाकं हलल्यावर सुरू होतो. बसून काढलेला वेळ ड्यूटीत धरतात, उड्डाणात नाही. छोट्या फेऱ्यांत असं बसणं जास्त, त्यामुळे फटकाही आम्हालाच जास्त.

घरी आले तेव्हा मुलगा झोपला होता. सासूबाईंनी भाकरी-पिठलं झाकून ठेवलं होतं. दोन ड्यूट्यांमध्ये किमान बारा तास विश्रांती, असं नियम सांगतो. त्यातून गाडी, जेवण, उद्याची तयारी वजा केली की झोप किती उरते?

21 नोव्हेंबर
क्रू रूममध्ये अमेरिकेतल्या बफेलोच्या अपघातावर बोलणं निघालं. 12 फेब्रुवारी 2009, कोल्गन एअरचं 3407, न्यूआर्कहून निघालेलं, आमच्यासारखंच पंख्याचं विमान. एकूण पन्नास माणसं गेली, त्यातला एक जण जमिनीवर आपल्या घरात होता. वेग घटल्याचा इशारा मिळाला तेव्हा कॅप्टनने दांडा पुढे द्यायचा तो मागे ओढला. तपासात मुख्य दोष त्याचाच निघाला. पण तो आदल्या रात्री विमानतळावरच्या क्रू रूममध्ये झोपला होता, आणि फर्स्ट ऑफिसर रात्रभर प्रवास करून सिअ‍ॅटलहून कामावर आली होती. छोट्या कंपनीच्या तुटपुंज्या पगारात ती न्यूआर्कजवळ घर घेणार कशी?

मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये चिकाटीने पाठपुरावा केला. 2010 मध्ये कायदा झाला, आणि 2014 पासून तिथे ड्यूटीआधी दहा तास विश्रांती, त्यात सलग आठ तास झोपेची संधी, हे बंधन आलं. झोप हा शब्द नियमात आणायला इतकी माणसं जावी लागली, याचा मला आजही संताप येतो.

5 डिसेंबर
विमानतळावर पाय ठेवायला जागा नाही. एका मोठ्या कंपनीची आज देशभरात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. बॅगांच्या ढिगाजवळ एक आजी चटई टाकून बसल्या होत्या. माझा गणवेश पाहून म्हणाल्या, “बाळा, तुम्हा लोकांना सुट्ट्या वाढवून मिळाल्या म्हणून हे झालं ना?” त्यांना समजावलं, की नियम दोन वर्षांपूर्वीच ठरले होते, तयारी त्या मुदतीत करायची होती. त्यांना ते पटलं की नाही, कोण जाणे. संध्याकाळी कळलं, त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून 10 फेब्रुवारीपर्यंत सूट मिळाली आहे. प्रवाशांचे हाल थांबायलाच हवेत. पण सूट नियमाला मिळते, शरीराला मिळत नाही.

11 डिसेंबर
को-पायलटने शेवटच्या फेरीत एकच फ्रिक्वेन्सी दोनदा विचारली. उतरल्यावर म्हटलं, “फटीग रिपोर्ट भर.”
“मॅम, नाव लक्षात ठेवतात. कमांडचं ट्रेनिंग जवळ आलंय माझं.”
“मी माझाही भरतेय. दोघांचे एकत्र जाऊ देत.”
कंपन्यांनी दर तीन महिन्यांनी असे रिपोर्ट विमान वाहतुकीच्या नियामकाला, डीजीसीएला द्यायचे, हे आता नियमातच आहे. कुणी भरलेच नाहीत तर कोणीच थकलेलं नाही, असा त्याचा अर्थ होईल. त्याने भरला. कारणाच्या रकान्यात फक्त “झोप” लिहून थांबला होता. मी त्याला सलग पहाटेच्या ड्यूट्यांच्या तारखा घालायला लावल्या.

12 डिसेंबर
त्याचं उद्या पहाटेचं विमान रोस्टरवरून काढलं. बरं वाटलं. ते विमान स्टँडबायवरच्या मुलीला लागलं आहे, जी काल रात्री उशिरापर्यंत उडत होती. नियमात बसतं. आमच्या ताफ्यात माणसंच कमी आहेत. एकाला झोपू दिलं की दुसऱ्याला उठवावं लागतं. सोमवारी चीफ पायलटना भेटायची वेळ मागितली आहे. मागण्या दोनच: मार्चच्या रोस्टरआधी आणखी फर्स्ट ऑफिसर भरा, आणि सहा लँडिंगच्या दिवसानंतर पहाटेची ड्यूटी लावू नका.